फेलुशचा माणूस

आपल्याला ओळखणारा पक्षी अख्ख्या ग्दिनिया शहरात दुसऱ्या कोणाकडे नाही, असं बोगुमिल छातीठोकपणे सांगायचा. गोदीत तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ टेकडीखालच्या आपल्या भाड्याच्या बागेत कुदळ मारायला लागला, की तांबड्या छातीचा एक चिमुकला रॉबिन त्याच्या पायाशी येऊन बसे. त्याचं नाव त्याने फेलुश ठेवलं होतं. मुलगी माल्विना महिनाभर मागे लागली होती, की गुडघे गेलेत, बाग सोडा आणि आमच्याकडे राहायला या. त्यावर बोगुमिलचं एकच उत्तर, फेलुश वाट बघतो. शेवटी कंटाळून ती म्हणाली, रविवारी दाखवा, खरंच आला तर विषय बंद.

शनिवारी शेजारच्या बागेतल्या गेर्त्रूदाबाईंनी कुंपणावरून सहज सांगितलं, की त्या बटाटे काढतात तेव्हा फेलुश त्यांच्याही पायाशी येतो. बोगुमिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो मला ओळखतो, बाई. मला!"

"माणूस बघून नाही हो येत तो. माती उकरली की किडे वर येतात, म्हणून येतो. रानात डुकरांच्या मागे फिरायचा, इथे आपल्या मागे फिरतो."

"म्हणजे मी डुक्कर?"

"मी फेलुशचं सांगतेय, बोगुमिलराव."

बोगुमिलने वाटेत ठेवलेली त्यांची सफरचंदांची टोपली लाथेने उडवली आणि जाताना आपलं फाटक असं आपटलं, की कडी हातात आली. तीही त्याने रागाने झुडपात भिरकावली.

रविवारी सकाळी तो माल्विनाला घेऊन आला, तर फाटक सताड उघडं. सफरचंदांच्या वासाने टेकडीवरच्या रानातून उतरलेलं रानडुक्कर टोपलीभर माल फस्त करून आता त्याचे गाजरांचे वाफे नांगरत होतं. आणि त्याच्या मागे, अगदी खुराला खेटून, फेलुश.

बोगुमिलने शीळ घातली, नावाने हाका मारल्या. फेलुशने एकदा मान वळवली, एक गांडूळ गिळलं आणि डुकरामागे पुढच्या वाफ्यात गेला. गेर्त्रूदाबाईंनी पातेल्याचं झाकण बडवलं, तेव्हा कुठे डुक्कर सावकाश निघून गेलं. मग त्या शांतपणे आपल्या बटाट्यांकडे वळल्या, याचाच बोगुमिलला जास्त संताप आला.

"बाबा, सामान कधी बांधू या?" माल्विनाने हळूच विचारलं.

बोगुमिलने कुदळ उचलली आणि डुकराला, कडीला, सफरचंदांना आणि फेलुशच्या सात पिढ्यांना शिव्या घालत उरलेला वाफा खणायला घेतला. पाचच मिनिटांत फेलुश त्याच्या बुटाशी हजर झाला. माल्विना बराच वेळ दोघांकडे बघत राहिली.

"राहू दे बाग," ती म्हणाली. "डुक्कर काही रोज यायचं नाही."

बोगुमिलला याचाही राग आला. पण फेलुशच्या अंगावर माती उडू नये, म्हणून कुदळ त्याने जरा हळू चालवली.