शिवकन्येचा सतरा नंबर

माकणीच्या शिवकन्येनं बारावीची परीक्षा घरी अभ्यास करून द्यायचं ठरवलं. तीन वर्षांपूर्वी दहावी झाली आणि आईच्या आजारपणात तिला घरी बसवलं गेलं; तेव्हापासून चूल आणि गोठा उरकून तिनं अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र अशी सगळी पुस्तकं एकटीनं वाचून काढली होती. आता फक्त सतरा नंबरचा अर्ज, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा, भरायचा राहिला होता. फक्त, असं तिला वाटत होतं.

जवळच्या कॉलेजात हे अर्ज घेत. तिथले कारकून महालिंगप्पा नियमाला पक्के. त्यांनी आधी दाखला मागितला, मग दाखल्यावर शिक्का मागितला, आणि शिक्का पुसट आहे म्हणून तो शिक्काच असल्याचं पत्र मागितलं. शेवटी, उमेदवार कुठल्याही वर्गात बसत नाही, असं शपथपत्र घेतलं. दर खेपेला प्राचार्य मीटिंगला गेलेले असत आणि शिवकन्येला थांबायला सांगितलं जाई.

थांबायला शेजारचा बारावी कला शाखेचा वर्ग सोयीचा होता, कारण तो कायम रिकामा असे. हजेरीपटावर ऐंशी विद्यार्थी होते आणि ऐंशीच्या ऐंशी रोज हजर होते. त्यांतले निम्मे सोलापूरच्या भरती अकॅडमीत पहाटे धावत होते, काही पुण्याकडं कंपनीत होते, आणि काही मुली लग्न होऊन सासरी हजर होत्या. रिकाम्या बाकांना शिकवणं शास्त्रशुद्ध नाही, या कारणास्तव प्राध्यापकही तिकडं फिरकत नसत. शिवकन्या मागच्या बाकावर बसून नकाशे भरायची.

अशाच एका दुपारी हजेरी तपासायला जिल्ह्याचं पथक येऊन धडकलं. प्राचार्य अमरसिंह सरांना घाम फुटला. पण वर्गात एक खरीखुरी मुलगी पुस्तक उघडून बसलेली दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बाकीचे एकोणऐंशी क्षेत्रभेटीला गेलेत, असं त्यांनी सांगून टाकलं. "सर, मी इथली न्हाय," असं शिवकन्या म्हणाली, तर पोरगी लाजाळू आहे, असं सर म्हणाले. पथकप्रमुखांनी तिला मागणीचा नियम विचारला. तिनं तो अपवादांसकट सांगितला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिच्यासोबत फोटो काढला आणि शेरा मारला: 'विद्यार्थिनी नियमितपणे वर्गात बसून अभ्यास करताना आढळली.' कॉलेजला उत्कृष्ट श्रेणी मिळाली.

आठवड्यानं शिवकन्येचा अर्ज नामंजूर झाला. कारण, खोटं शपथपत्र. महालिंगप्पांनी तिला फोटो दाखवला.

"तू वर्गात बसतीस, हे सिद्ध झालंय. मग बाहेरून कशी बसशील?"

"मग मला आत घ्या."

"आत जागा न्हाय. ऐंशीचीच मान्यता हाय, आन् ऐंशीबी रोज येतेत."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तिचं वर्ष वाया चाललेलं पाहून अमरसिंह सर मात्र कळवळले. एखाद्या पालकानं 'माझा मुलगा वर्गात येत नाही' एवढं लिहून दिलं, तर ती जागा तिला देऊ, असं ते म्हणाले. शिवकन्येला लांब जावं लागणार नव्हतं. हजेरीपटावरचं चौतिसावं नाव तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, युवराजचं होतं. तो सोलापुरात धावत होता.

तिनं कागद वडिलांपुढं ठेवला. बब्रुवाननं तो दोनदा वाचला.

"युवराज रेगुलर हाय," ते म्हणाले. "तो येत न्हाय असं लिहून दिलं तर आपली इज्जत काय ऱ्हाईल?"

"आण्णा, तो खरंच जात न्हाय."

"ते गावाला ठाऊक हाय. कागदाला कशाला सांगायचं? आन् तू तर घरी बसूनबी शिकतीस. तुला परीक्षा कशाला पायजे?"

शिवकन्येला रडू आलं नाही, संताप आला. तोच कागद घेऊन ती हजेरीपटावरच्या एकेका पोराच्या घरी गेली. सगळ्यांनी तिला चहा दिला, सगळे हळहळले, व्यवस्थेला शिव्या घातल्या, आणि एकानंही सही केली नाही.

तुम्हांलाही तिची दया आली असेल, बब्रुवानचा रागही आला असेल. फार चांगलं. कागदावरची सहीची जागा अजून कोरी आहे आणि मुदत सोमवारपर्यंत आहे. तुमच्या घरचं पोर सध्या कुठल्या हजेरीपटावर आहे?