उभं राहायचं की धावायचं?

इंग्रजी म्हणजे भैय्याजींच्या हातचा मळ! प्लांटात साहेबांची पत्रं टाइप करण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. त्यामुळे त्यांच्या लेकीने, अनुजाने, रिसालीच्या कॉलनी ग्रुपवर ‘आई इज रनिंग फॉर प्रेसिडेंट. रविवारी बागेत या!’ असा मेसेज टाकला, तेव्हा शेजारी अर्थ विचारायला त्यांच्याकडेच आले.

“सोपं हाय!” भैय्याजी म्हणाले. “आमची शैला अध्यक्षासाठी धावून राहिली.”

आपल्याला घरात कोणी काही सांगत नाही, हे त्यांना नवीन नव्हतं.

कॉलनीचे अध्यक्ष लहानूजी खुर्चीत बसून बसून खुर्चीच्याच आकाराचे झाले होते. “वहिनी माझ्यासाठी धावनार?” कॉलनीच्या टाकीत नव्हतं एवढं पाणी त्यांच्या डोळ्यांत आलं!

रविवारी बाग गच्च भरली. लहानूजी हार, ग्लुकोज आणि माइक घेऊन हजर! कडक इस्त्रीच्या साडीत आलेल्या शैलाताई चक्रावल्या.

“हे काय होय?”

“तू धावनार ना?” भैय्याजी म्हणाले.

“बाप्पा! मी निवडणुकीले उभी राहून राहिली!”

“मंग उभी म्हना! रनिंग कावून?”

अनुजाने कपाळावर हात मारला. “बाबा, इंग्रजीत निवडणुकीले रनच म्हणतात. नाक गळलं तरी रन, नळ वाहला तरी रन, दुकान चालवलं तरी रन!”

भैय्याजी थक्क! एकटा शब्द अन् एवढ्या ड्यूट्या!

तेवढ्यात माइक गरजला. “शैलावहिनीले माझा पूर्ण सपोर्ट!” आणि यातलं काहीच न ऐकलेल्या लहानूजींनी शिट्टी फुंकली.

शैलाताईंनी क्षणभर गर्दीकडे पाहिलं, पदर खोचला आणि निघाल्या! गुडघे कुरकुरत होते, अंबाडा सुटला होता, पण बाई मालगाडीच्या इंजिनासारख्या धापा टाकत थांबायचं नाव घेईनात. भैय्याजी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. हिच्यात एवढी वाफ होती?

फेरी पुरी करून त्यांनी सरळ माइक धरला. “मी अध्यक्षपदाले उभी हाव. टाकीत पाणी आनीन. अन् लहानूभाऊंचा सपोर्ट तं तुमी आत्ताच ऐकला!”

टाळ्यांचा कडकडाट! सगळे बघत होते म्हणून लहानूजींनी हार निमूट त्यांच्याच गळ्यात घातला.

शैलाताई दणक्यात निवडून आल्या. टाकी भरली. भैय्याजी भेटेल त्याला बायकोचं कौतुक ऐकवू लागले.

पाइप लावून स्कूटर धुतल्याबद्दल कॉलनीतली पहिली नोटीस त्यांनाच मिळाली. खालची सही पाहून त्यांनी मुकाट बादली आणली.