रंगनाथ काकांचं पडलेलं पिक्चर

"चालतंय ते पिक्चर पाहायचं न्हाई," हा आमच्या शेजारच्या रंगनाथ काकांचा पहिला नियम. "चालत्याला पाहायला सारं गाव हाये. आपण पडलेलं पाहायचं. अन् तेबी पडल्या पडल्या न्हाई. मुरल्यावर."

काका सत्तरीच्या पुढचे. एसटीत कंट्रोलर होते. जालन्याच्या बसस्टँडवर माईकपुढे सगळी नोकरी गेली, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी ते पलीकडच्या फलाटापर्यंत ऐकू जातं. बदनापुरात आमची आणि त्यांची भिंत एकच आहे. काकू जाऊन काही वर्षं झाली. मुलगा पुण्यात. वडलांचं मन रमावं म्हणून त्यानं भिंतभर टीव्ही पाठवून दिला, आणि त्या टीव्हीवर काकांनी आपलं पडलेल्या पिक्चरांचं दुकान मांडलं.

एकदा मी त्यांना एका नव्या सिनेमाचं कौतुक सांगायला गेलो.

"कवा आलं ते?" काकांनी विचारलं.

"मागच्या शुक्रवारी."

रद्द झालेल्या गाडीची चौकशी करणाऱ्या प्रवाशाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अजून हिरवं हाये. कैरी फोडली की लगेच लोणचं होतंय का? पंचवीस वर्षांनी या, मंग बोलू."

"पंचवीस वर्षांनी तुम्ही किती वर्षांचे असाल, काका?"

"मी नसंन. पिक्चर राहीन न."

हा नियम पिक्चरपुरता राहिला असता तर बरं झालं असतं. पण रस्ता नवा झाला, सरपंच नवा आला, तरी काकांचं एकच : "आत्ताच बोलत न्हाई." मुलाच्या लग्नानंतर कुणीतरी सहज विचारलं, सून कशी आहे? काका म्हणाले, "दहा वर्षं होऊ द्या." सून तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती बदनापूरला फारशी येत नाही, त्याला पुण्याचं अंतर हे एकच कारण नसावं.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे खेळ असायचा. जेवणं झाली की भिंतीवरून आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. दुपारचं पिक्चर वेळेवर सुटंन." सुरुवातीला बरीच मंडळी जमायची. समोरचे टेलर आणि त्यांची बायको, दोन निवृत्त मास्तर, गल्लीतल्या बायका. भाजलेल्या शेंगा असायच्या. पुढं मंडळी गळायला लागली, कारण काका दर दोन-तीन रविवारी फिरून एकच पिक्चर लावायचे. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. काळंपांढरं, गाणी नाहीत, मारामारी नाही. एक बाई सासरी नांदते, एवढीच गोष्ट. बराच वेळ ती नुसती विहिरीवर पाणी भरते.

"काका," टेलर एकदा न राहवून म्हणाले, "ही बाई मागं पण इथंच पाणी भरून राह्यली होती."

"मागं तुम्ही नीट पाहिलं न्हाई," काका म्हणाले.

गंमत म्हणजे काका स्वतः पिक्चर पाहायचेच नाहीत. त्यांची खुर्ची टीव्हीच्या बाजूला, तोंड आमच्याकडे. पूर्ण वेळ ते आमचे चेहरे पाहायचे, आणि त्यातही बायकांचे. टेलरच्या बायकोनं माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "सुनीताताई, म्हातारा माझ्याकडंच पाहून राह्यला होता हो." त्यानंतर टेलरच्या घरचं येणं बंद झालं. मग मास्तरांनीही येणं सोडलं. शेवटी सुनीता आणि मी, असे दोनच प्रवासी उरलो. सुनीता म्हणायची, "आपणही नाही गेलो तर ते कुणाकडे पाहतील?"

अशाच एका रविवारी तेच पिक्चर चाललं होतं. ती बाई माहेराहून परत निघते. बैलगाडी हळूहळू लांब जाते, गाडीची नुसती मागची बाजू दिसते, बाकी काही घडत नाही. मी शेंगा सोलत होतो. शेजारी पाहिलं, तर सुनीतानं डोळ्याला पदर लावलेला.

काका खुर्चीतून उठले. त्यांनी पिक्चर थांबवलं.

"इथं?" ते म्हणाले. "इथं रडू आलं?"

माईकवाला आवाज कुठंच नव्हता. मी त्यांना इतक्या हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

सुनीता ओशाळली. काका तिच्यासमोर खाली सतरंजीवर बसले आणि सांगायला लागले.

लग्नानंतर काकूंना घेऊन ते हे पिक्चर पाहायला जालन्याच्या टॉकीजमध्ये गेले होते. पिक्चर पडलेलं, उतरायच्या बेतात. तेव्हा बायकांची बसायची जागा वेगळी, मध्ये पडदा. "आम्ही इकडं शिट्ट्या मारून राह्यलो होतो. पैसे परत द्या म्हून वरडत होतो. सुटल्यावर पाहतो तर हिचे डोळे लाल. बसमधी विचारलं, काय झालं? म्हन्ली, काही न्हाई, पिक्चर लय चांगलं होतं. मी हसलो. घरी येऊन भावांना सांगितलं, तेबी हसले. पडलेलंच पिक्चर आवडायचं तिला. चालणाऱ्याला चला म्हन्लं तर नको म्हनायची. ती गेल्यावर वाटलं, हिला तवाच कळत होतं, आपल्याला उशिरा कळून राह्यलंय. पण ती नेमकी कुठं रडली, ते न्हाई सापडत. मी लय वेळा पाहिलं. मला एकट्याला न्हाई दिसत. म्हून तुम्हाला बोलावतो."

सुनीतानं थोडा विचार केला. तिला खोटं बोलता येत नाही.

"काका, मी पिक्चरमुळे नाही रडले. मला माझे वडील आठवले. मी सासरी यायला निघाले की ते पाठ करून उभे राहायचे."

काका टीव्हीवरच्या थांबलेल्या बैलगाडीकडे पाहत राहिले.

"म्हंजे तिचंबी पिक्चरमधलं नसंन," ते म्हणाले. "मंग मी कुठं पाहू?"

"काकूंच्या माहेरी कोण आहे?"

"धाकटी बहीण हाये धावड्याला. यमुना. पण काय विचारू तिला? एवढ्या वर्षांनी विचारू, का तुझी बहीण काहून रडली?"

"तुम्हीच म्हणता ना, मुरू द्यावं लागतं," सुनीता म्हणाली.

त्याच आठवड्यात काका भोकरदनच्या गाडीनं धावड्याला गेले. जाताना गाडी उशिरा सुटली म्हणून कंट्रोलरशी भांडले, आणि गेले. दोन दिवस भिंतीपलीकडे आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर पायरीवरच बसले.

"गेल्तो," म्हणाले. "यमुनानं जेवू घातलं. मंग मी विचारलं. तर ती मलाच विचारते, दाजी, तुमच्या घरात माणसं किती होती? म्या मोजली. चार भाऊ, चार जावा, आई-बाप, लेकरं. खोल्या दोन. यमुना म्हन्ली, अक्काला रडू आलं की ती चुलीपुढं जाऊन बसायची, कोणी विचारलं तर धुराचं नाव सांगायची. मंग आम्ही गॅस घेतला. मंग धुराचं निमित्तबी गेलं."

सुनीता चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"टॉकीजमधी अंधार असायचा," काका म्हणाले. "अन् पडलेलं पिक्चर असलं की बायकांच्या बाजूला कोणी नसायचं. म्हून तिला तसलंच लागायचं."

"पण कशाचं रडायच्या त्या?" सुनीतानं विचारलं.

"ते यमुनालाबी न्हाई माहीत." काकांनी चहा हातात घेतला, पण प्यायले नाहीत. कप दोन्ही हातांत धरून बसले. "मी न्यायचो तिला. म्हनली की न्यायचो, कवाच नको म्हन्लो न्हाई. भाऊ चिडवायचे, बायकोचे लाड करतो म्हून."

गल्लीतून कुणीतरी जाताना त्यांना रामराम घातला. त्यांनी मान हलवली.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तिला पिक्चरची आवड हाये."