नळाकडची बाजू, भिंतीकडची बाजू

"दोन पाइप तर बसवायचेत! त्यात काय एवढं? मी फौजेत अख्खे ट्रक खोलून परत जोडलेत!"

धोंडिबांनी पोह्यांची बशी खाली ठेवत हे जाहीर केलं आणि कौसल्याबाई उठून उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या तोंडून 'त्यात काय एवढं' निघालं, की त्या मुकाट्यानं जुन्या चिंध्या शोधायला लागायच्या. पुढं काहीतरी सांडणार, गळणार किंवा पेटणार, हे ठरलेलं!

धोंडिबा महूच्या फौजी वर्कशॉपातून रिटायर झाले होते. रिटायर होताना लोक घरी शाल आणतात, भिंतीवरचं घड्याळ आणतात. यांनी लिलावातून मोटारसायकल आणली! महायुद्धातली, अमेरिकन, दोन सिलिंडरची. दोन्ही सिलिंडर खाली चिकटलेले आणि वर फाकलेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. भांडलेल्या भावांनी एकाच खाटेवर एकमेकांकडे पाठ करून झोपावं, तसे. दर चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, या गाडीवरून इंदूरच्या परदेशीपुऱ्यातून त्यांच्या जन्मगावी, महूला जायचं हा घरचा नेम. पुढं फौजी टोपीत धोंडिबा, मागं पांढऱ्या साडीत कौसल्याबाई, दोन्ही पाय एका बाजूला सोडून.

पण गेल्या जयंतीला परत येताना गाडीचे धूर सोडायचे दोन्ही पाइप गंजून गळून पडले. तेव्हापासून गाडी सुरू केली, की सिलिंडरच्या उघड्या तोंडांतून असा धडाका निघायचा, की शेजारच्या पंढरीनाथांच्या मांडणीवरची पातेली उड्या मारायची. तयार पाइप कुठंच मिळेना. सियागंजातल्या दुकानदारानं तर गाडीचं नाव ऐकून धोंडिबांना पंख्याखाली बसवलं आणि पाणी पाजलं!

"म्हणून पाइप आपणच बनवू," धोंडिबा म्हणाले. "दोन सिलिंडर, दोन पाइप, दोन पोरं! पुढच्याचा ज्ञानदीप करेल, मागच्याचा संघदीप. कोणता कुठून काढायचा ते आपसात बोलून ठरवा. मी मध्ये पडणार नाही!"

कौसल्याबाईंनी कपाळाला हात लावला. आपसात बोलून! दोन वर्षं झाली, या घरात दोन भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

ते दिवसच तसे होते. देशाचा बाजार खुला झाला म्हणून टीव्हीवर सांगत होते आणि इकडे इंदूरच्या मिलांना एकेक करून कुलपं लागत होती. थोरला ज्ञानदीप मिलच्या बॉयलर खात्यात. ज्या दिवशी त्यांच्या मिलच्या गेटवर बंदची नोटीस लागली, नेमकं त्याच दिवशी धाकट्या संघदीपला पीथमपूरच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली. त्या बिचाऱ्याला गेटचं काही माहीत नव्हतं. तो पेढे घेऊन घरी आला!

"मिल बंद पडली त्याचे पेढे वाटून राहिला का?" ज्ञानदीप ओरडला.

यावर संघदीपनं गप्प बसायचं. पण गप्प बसला तर तो धोंडिबांचा पोरगा कसला? "दादा, मिल तर कधीची मेली होती," तो म्हणाला. "आज फक्त तिरडी उचलली!"

पेढ्यांचा पुडा भिंतीवर आदळला आणि घरातलं बोलणं संपलं. ज्ञानदीपची ठरत आलेली सोयरीकही नोकरीबरोबर गेली. तो दिवसभर मिलच्या गेटवर धरणं धरून बसायचा, संघदीप कंपनीच्या बसनं पीथमपूरला जायचा, आणि दोघं घरी आले, की कौसल्याबाईंचं टेलिफोन एक्स्चेंज सुरू व्हायचं. "आई, त्याला सांग, आमटी इकडे सरकव." तो तिथंच, हातभर अंतरावर! पण नाही. आईनं ऐकायचं, आईनं सांगायचं, आईनंच आमटी सरकवायची.

आता याच एक्स्चेंजवर पाइपांचे कॉल सुरू झाले.

"आई, त्याला सांगून दे, मी राइट साइडनी काढून राहिलो. त्यानं लेफ्टनी काढावा."

"आई, विचार त्याला, राइट म्हणजे कुणाचा राइट? गाडीवर बसणाऱ्याचा, का समोर उभं राहणाऱ्याचा?"

"आई, त्याला सांग, एवढंही समजत नाही, तर पीथमपूरवाल्यांनी तुला ठेवला कशाला?"

"आई, त्याला सांग, मला ठेवला तरी!"

ज्ञानदीपचा चेहरा राखेसारखा झाला. आता पुन्हा काहीतरी भिंतीवर आदळणार, या भीतीनं कौसल्याबाईंनी हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं. "बस! हो गया! ना राइट, ना लेफ्ट! गाडी अंगणात उभी आहे. तिच्या एका बाजूला नळ आहे, दुसऱ्या बाजूला पंढरीनाथांची भिंत आहे. नळाकडची बाजू ज्ञानदीपची, भिंतीकडची संघदीपची. नळ काही उठून चालायला लागणार नाही, आणि भिंतही नाही!"

त्या घरात इतक्या अकलेचं वाक्य बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"शाबास!" धोंडिबा म्हणाले. "कौसल्ये, तू फौजेत हवी होतीस!"

कौसल्याबाईंना त्या दिवशी पोळ्याही गोल जमल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदीपनं जाड तार घेतली. पुढच्या सिलिंडरच्या तोंडापासून खाली, पाय ठेवायच्या दांडीखालून, थेट मागच्या चाकापर्यंत त्यानं ती नळाकडच्या बाजूनं वाकवून पाहिली. पाइप कसा वळणार त्याचा तो सांगाडा. तो घेऊन तो लोहामंडीत गेला. तिथं मिलमधल्या शामनं वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. दोघांनी मिलच्या भंगारातला वाफेचा पाइप निवडला. एवढा जाड, की त्यातून मांजर निवांत गेली असती, आणि एवढा जड, की उचलताना शामला दोनदा खाली बसावं लागलं.

संघदीपची आठवडाभर दुसरी पाळी होती. त्याला वेळ मिळाला तो पुढच्या आठवड्यात. त्यानंही तार घेतली, मागच्या सिलिंडरपासून भिंतीकडच्या बाजूनं वाकवली, आणि कारखान्यातल्या मशीनवर असा पाइप वाकवून आणला, की त्यात बघून भांग पाडावा! आणल्यावर तो त्यानं चादरीत गुंडाळून खाटेखाली ठेवला. ज्ञानदीपचा पाइप शामच्या दुकानात. दोघांनी एकमेकांचं काम बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यावर मत द्यावं लागलं असतं, आणि मत द्यायला तोंड उघडावं लागलं असतं!

जयंतीच्या आदल्या दिवशी संघदीपला सुट्टी होती. दुपारी ज्ञानदीपनं पाइप हातगाडीवर घालून आणला आणि गाडीला लावायला घेतला. संघदीप चादर सोडत अंगणात आला, आणि जागच्या जागी थिजला.

"आई! विचार त्याला, माझ्या साइडला काय करून राहिला?"

"आई! सांग त्याला, ही माझी साइड आहे! मी तारेनं माप घेतलंय!"

"माप तर मी पण घेतलंय! भिंतीकडची! ही बघ भिंत!"

कौसल्याबाई धावत आल्या. बघतात तर दोन्ही पाइप गाडीच्या एकाच बाजूचे! एक पुढच्या सिलिंडरमधून येत होता, दुसरा मागच्या सिलिंडरमधून, आणि दोघांनाही मागच्या चाकाशेजारची तीच वीतभर जागा हवी होती. गाडीची दुसरी बाजू विधवेच्या कपाळासारखी मोकळी!

उद्या जयंती. एवढी चाकरी करून, एवढे निरोप पोचवून, शेवटी दोघं पोरं अंगणात लोखंड हातात घेऊन समोरासमोर उभी! कौसल्याबाईंच्या डोळ्यांसमोर दोन वर्षांपूर्वीचा पेढ्यांचा पुडा नाही, पोलीस चौकी आली.

"मला आईनं नळाकडची सांगितली होती," ज्ञानदीप जमिनीकडे बघत म्हणाला.

"मला भिंतीकडची," संघदीप आभाळाकडे बघत म्हणाला.

"मी नळाकडचीच घेतली."

"मी भिंतीकडचीच घेतली."

"म्हणजे आपल्या दोघांचं बरोबर आहे."

"एकदम बरोबर आहे, दादा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघं एकदमच आईकडे वळले. "आईनंच घोटाळा केला!"

"मी?" कौसल्याबाई किंचाळल्या. "अरे, नळ तिथंच आहे! भिंत तिथंच आहे! मग माझं कुठं..."

एवढं म्हणून त्या थांबल्या. गाडीचा मोठा दिवा! तो तर गल्लीकडे तोंड करून असायचा. आता तो घराकडे, थेट त्यांच्या चुलीकडे बघत होता. नळ हलला नव्हता, भिंत हलली नव्हती. दोघांच्या मापांच्या मधल्या दिवसांत गाडीच कुणीतरी उलटी फिरवून ठेवली होती!

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दारात बसलेले धोंडिबा एकाएकी उद्याच्या टोपीवरचा बिल्ला घासायला लागले. एवढ्या जोरात, की बिल्ल्यावरचा नंबर पुसला जावा.

"टाकीवर ऊन येत होतं," ते बिल्ल्याशी बोलल्यासारखं पुटपुटले. पोरांपर्यंत ते पोचलं नाही. पोरांचं लक्षच नव्हतं.

"दादा, तुझा खाली दाबला आणि माझा वरून घेतला तर?"

"वरून घेशील तर बाबांची तंगडी भाजेल ना!"

"मग पत्रा लावू मध्ये. शामभियाकडे असेल?"

"असेल का म्हणजे? आपल्याच मिलचा आहे!"

दोघं उकिडवे बसले होते. खांद्याला खांदा लागत होता आणि कुणीच तो काढून घेत नव्हतं. कौसल्याबाईंच्या जिभेवर नवऱ्याचं नाव आलं होतं. एक शब्द टाकला असता, तर त्या सुटल्या असत्या. पण त्या शब्दासरशी पोरांच्या माना वर झाल्या असत्या, आणि या दोघांचा नेम काय! त्यांनी तो शब्द कडू औषधासारखा गिळला.

"झालं असेल बाबा माझ्याकडूनच," त्या म्हणाल्या.

"बायकांना दिशा समजतच नाहीत!" धोंडिबांनी लगेच छाती काढली.

त्या क्षणी कौसल्याबाईंना तो मिलचा पाइप हलका वाटायला लागला. सहज उचलता येईल, एवढा!

सकाळी गाडी सजली. निळा झेंडा लागला. एका बाजूला दोन पाइप, एक काळाकभिन्न, एक लखलखता, एकावर एक. अर्धी गल्ली बघायला जमली. धोंडिबा टोपी घालून चढले आणि त्यांनी रुबाबात किक मारली.

टण्ण!

किक चार बोटं खाली गेली आणि वरच्या पाइपावर आपटून परत आली. पुन्हा मारली. टण्ण! किकही त्याच बाजूला होती, आणि ती फिरायची जागा दोन पाइपांनी मिळून खाल्ली होती. घरात दोन मशीनवाले, एक फौजी, आणि किकचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता!

"क्या भिया," पंढरीनाथ म्हणाले, "गाडी बनवली का देवळाची घंटा?"

शेवटी गल्लीनं ढकलली. गाडी खोकली, गुरगुरली आणि सुरू झाली. आवाज मात्र खरंच भारदस्त होता. पोरं संघदीपच्या लुनावर, डबल सीट, मागून निघाली. धाकटा चालवत होता, थोरला त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. कौसल्याबाईंनी ते मान वळवून पाहिलं आणि पदरानं डोळे टिपले. धूरही बराच होता.

"बंद पडू देऊ नका हं!" त्या नवऱ्याच्या कानात ओरडल्या.

"त्यात काय एवढं!" धोंडिबा म्हणाले.

भंवरकुआंच्या चौकात कोचिंग क्लासची शेकडो पोरं एकदम रस्त्यात आली. धोंडिबांनी ब्रेक मारला. गाडी बंद पडली.

क्लासच्या पोरांनी हौसेनं ढकलली. सुरू झाली, फर्लांगभर गेली, बंद पडली. पुन्हा ढकलली, पुन्हा बंद. तोवर पोरांची क्लासची वेळ झाली. ऊन तापलं, वरचा पाइप तापला, मधला पत्राही तापला, आणि धोंडिबांच्या पँटला इस्त्रीचा वास यायला लागला. पण उतरतील तर शपथ! जयंतीला फौजी गाडीवरून उतरत नसतो म्हणे!

दोन्ही भाऊ रस्त्यावर मांडी ठोकून बसले.

"दादा, तुझा पाइप फार जाड आहे. इंजिन दम कुठून आणणार?"

"तुझा फार बारीक आहे! त्यातून धूर जातो का बासरी वाजवतो?"

"माझा डिझाइननं बनलाय!"

"माझ्यातून पूर्ण मिल चालत होती!"

दोन वर्षं साठलेलं बोलणं फुटक्या नळासारखं वाहत होतं. दोघंही एकाच वेळी बोलत होते, आणि ऐकत कुणीच नव्हतं. कौसल्याबाई तीनदा म्हणाल्या, "अरे, किक तरी मोकळी करा!" तिघांनीही हातानंच त्यांना थांब म्हणून सांगितलं.

एवढ्यात महूची बस आली, निळ्या झेंड्यांनी भरलेली. कौसल्याबाईंनी हात केला, बस थांबली, आणि त्या चढल्या. एका बाईनं "जय भीम" म्हणत सरकून जागा दिली.

"एकट्याच निघाल्या का, ताई? घरचे नाहीत?"

"येऊन राहिलेत ना मागून. नवरा आहे, दोन्ही पोरं आहेत."

"कशानं?"

"मोटारसायकलनं."

"मग तर आपल्या आधी पोचतील!"

कौसल्याबाईंनी खिडकीतून मागं पाहिलं. निळ्या झेंड्याखाली धोंडिबा पुतळ्यासारखे ताठ बसले होते आणि खाली दोन्ही पोरं हातवारे करत होती. आई गेल्याचं तिघांपैकी एकालाही कळलं नव्हतं.

"पोचतील ना," कौसल्याबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "पुढच्या जयंतीला नक्की पोचतील!"