पप्पांसाठी एक बिनधोक छंद

पप्पांचा रक्तदाब दिवसातून दोनदा मोजा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. क्रांती चारदा मोजायची. वरच्या दोन वेळा तिच्या स्वतःच्या समाधानासाठी होत्या आणि समाधान काही होत नव्हतं.

पप्पांच्या, म्हणजे बाजीरावांच्या, हृदयात दोन स्टेंट बसून पाच आठवडे झाले होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एकतीस वर्षं वजनकाट्यावर ट्रक तोलणारा माणूस आता कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर पंख्याकडे बघत पडून होता. "हळूहळू जिने उतरा, चालाफिरा. मन कशात तरी गुंतवा, टेन्शन मात्र नको," डॉक्टर म्हणाले होते. आई सकाळीच बालवाडीत कामाला जायची आणि क्रांतीची रजा सोमवारी संपत होती. म्हणजे पप्पा घरात एकटे, सोबतीला बातम्यांचे चॅनेल. अटॅक आला त्या दिवशीही ते एकटेच होते. दोन तास त्यांनी कुणालाच फोन केला नाही, कारण काय, तर 'पोरगी लॅबमध्ये असती'. त्या दिवसापासून क्रांतीला धड झोप नव्हती.

ती रसायनशास्त्राची एम.एस्सी. तिने वहीत तक्ता आखला: छंद, आधीचा रक्तदाब, अर्ध्या तासानंतरचा रक्तदाब, शेरा.

पहिला छंद हजार तुकड्यांचं कोडं, बर्फाच्या डोंगराचं. त्यातला एक तुकडा सापडेना, म्हणून बाजीराव टॉर्च घेऊन कपाटाखाली शिरले. नंतरचा आकडा १५८.

"नऊशे नव्व्याण्णव हायेत गं! माल कमी आलाय! कंपनीला फोन लाव!"

क्रांतीने कोडं माळ्यावर टाकलं आणि रंगवायचं पुस्तक आणलं. अर्ध्या तासात आकडा ११२ वर आला. ती हरखली. मग घोरणं ऐकू आलं. तिने प्रामाणिकपणे शेरा लिहिला: 'झोप लागली. ग्राह्य नाही.'

"अगं, आकडा चांगला आला ना? मग?" आई म्हणाली.

"आई, झोपेत सगळ्यांचाच खाली येतो. झोप हा छंद नाही."

"तुझ्या पप्पांचा हाय," आई म्हणाली आणि कामाला गेली.

रविवारी, आई बाजारात गेली असताना, बाल्कनीत कोथिंबिरीच्या चार कुंड्या आल्या. प्रत्येक कुंडीला दोनशे मिली पाणी, असं क्रांतीने मापाचा ग्लास देऊन बजावलं. ती तक्त्याकडे वळली तेवढ्यात बाजीरावांनी बादली ओतली. "एवढ्याशा पाण्यानं काय हुतंय?" पाणी खाली गेलं. खाली जागृती काकूंचे उडदाचे पापड वाळत होते.

काकू दोन मिनिटांत दारात. "क्रांती! काय लावलंय काय तुमी लोकांनी?"

"काकू, प्लीज, हळू बोला. पप्पांना टेन्शन चालत नाही."

"आणि माझ्या पापडांना चालतं?"

"पापड मी भरून देतो, ताई," आतून बाजीराव म्हणाले. तो आवाज वाढायच्या आत क्रांतीने काकूंना खाली नेलं आणि ओले पापड एकेक करून पसरायला मदत केली. वीस मिनिटांनी वर आली, तर दार सताड उघडं, फोन चार्जिंगला आणि पप्पा गायब.

तिने संडासात पाहिलं. कपाटाखालीसुद्धा पाहिलं. मग रक्तदाबाचं यंत्र काखेत मारून ती जिने उतरली. प्रत्येक वळणावर पप्पा पडलेले दिसत होते आणि प्रत्येक वळण रिकामं निघत होतं. मागून काकूही धावल्या.

गेटबाहेर किसनच्या रद्दीच्या दुकानापुढे गर्दी होती. क्रांती कोपरांनी वाट काढत आत घुसली. गर्दीच्या मधोमध, तराजूशेजारी, स्टुलावर बाजीराव बसले होते.

"किसन, थांब. काटा शून्यावर नाय."

"अंकल, उन्नीस-बीस चलता है."

"माज्यासमोर चालत नाय. पारडं पूस. आता ठेव."

"पप्पा!"

"आलीस? पापड आणायला निगालो होतो. याचा काटा बगितला आन् पायच निगंना."

"ताई, यांना घेऊन जा ना," किसन कळवळला. "माझं बीपी वाढतंय." मग रांगेकडे बघून आवाज खाली आणला. "पण गिऱ्हाईक डबल झालंय. उद्या अकराला पाठवा."

काकू रांगेत शिरल्या. "पापडांचं राहू द्या, भाऊ. माझी पण रद्दी तोलाल का? घेऊन येते."

क्रांतीने तिथेच स्टुलाशेजारी बसून पप्पांच्या दंडाला पट्टा बांधला. ११८, ७६. टक्क जागे असताना! तिने पुन्हा मोजलं. तेच.

"झालं?" बाजीरावांनी पट्टा सोडला. "आता तुजा हात."

"मला काय झालंय?"

"काट्यावर आलेली गाडी मी न तोलता सोडत नाय."

यंत्र गुरगुरलं. १४८, ९४. बाजीरावांनी आकडा दोनदा वाचला. "फुल लोड हाय गं ही. चल घरी. आदी खाली करू."

घरी त्यांनी तिला रंगवायचं पुस्तक दिलं, पेन्सिली दिल्या आणि समोर घड्याळ घेऊन बसले. हे सगळं शास्त्रीयदृष्ट्या किती चूक आहे ते ती सांगत होती. तिसऱ्या पाकळीपर्यंत सांगत होती.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती, दंडाला पट्टा होता आणि पप्पा स्वयंपाकघरात आईला काट्याचं सांगत होते. उशाशी वही उघडी होती. शेवटच्या ओळीत पावतीवरच्यासारखं ठसठशीत अक्षर होतं: 'क्रांती. आधी १४८. नंतर ११६. झोप लागली. ग्राह्य.'