इंदुअक्काचं कोपर

इंदुअक्काचं दुखायचं उजवं कोपर, आणि पट्टा ती बांधायची डाव्या कोपराला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धुळ्याला देवपुरात माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. तिला पट्टा मीच दिला होता आणि उजव्या हाताला बांधूनही दाखवला होता. दुसऱ्या दिवशी तो डावीकडे. मी चिडलो तर तिच्या अहिराणीत म्हणाली, "कामना हातले पट्टा बांधा, मंग काम कोन करी? हाऊ हात रिकामा शे, हाऊ मिरवी."

अक्का आमच्या गल्लीतलीच, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माहेर साक्रीच्या पलीकडचं. भाऊ एकापाठोपाठ गेले आणि त्या घराला कुलूप लागलं. अक्का मांडे करायची. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत, मनगटावरून कोपरापर्यंत घेत, पांघरुणाएवढी मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. बघणाऱ्याला वाटावं, कणीक आपणच पसरतेय. तिचा मांडा कधी फाटला नाही. दुसरीचा फाटला की ती डोळे मिटून घ्यायची, अपघात बघितल्यासारखी.

माणसं ती हातावरून ओळखायची. चेहरा नंतर, आधी मनगट. माझ्या क्लिनिकच्या बाकावर बसून ती पेशंट निवडायची. "हाऊ हात भाकरीना शे. तो पोळीना." बँकेचे एक साहेब मान धरून आले होते. त्यांच्याकडे बघून माझ्या कानाशी लागली, "याना हात खिचडीना." साहेबांना ऐकू गेलं. ते पुन्हा आले नाहीत. माझ्या मुलीसाठी, पल्लवीसाठी, जळगावचं स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटो तिनं परत दिला. "यामा हात कुठे दिसस?" लग्नात मात्र तिनं जावयाचं मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "चाली." जावई बिचारा हात पुसत राहिला.

माझ्याबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. "सुई नही, गोळी नही, कसाना डॉक्टर तू?"

मी तिला समजावून सांगितलं होतं. टेनिस एल्बो हे नुसतं नाव आहे, त्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथं धरलेले असतात तिथली शीर ताणून ताणून झिजते. तू तीस वर्षं मनगटावर मांडे झुलवलेस, ती झिजणारच. आधी जड काम बंद. मग हळूहळू व्यायाम : पाण्याची छोटी बाटली धरायची, मनगट वर, सावकाश खाली. रोज. तीन महिने लागतील, कदाचित सहा.

ती बोटांवर महिने मोजत होती. थांबली.

"मंग आखाजी गयी ना भाऊ!"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि घराघरांत आमरस नि मांडे होतात. अक्का दर आखाजीला कुणाच्या ना कुणाच्या घरी खापरापुढं असायची. मांडा हातावर असला की स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही, हा तिचा कायदा. मांडा खापरावर पडला की तिची चौकशी सुरू. सासू बोलते का नीट? नवऱ्याचा हात उठत नाही ना? पोरी तिला आईला न सांगितलेलं सांगायच्या. सगळ्यांचं झालं की ती त्या पोरींच्या पंगतीत शेवटी जेवायला बसायची. मी याला भोचकपणा म्हणायचो. माहेर नसलेली बाई दर वर्षी एक दिवसाचं माहेर मिळवते आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिरा आणि स्नायू एवढंच मी शिकलो होतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

गेल्या वर्षी पल्लवीची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. जळगावहून व्याही यायचे होते. बायको म्हणाली, "मांडे अक्काचेच हवेत." मी म्हणालो, तिचा हात दुखतोय. बायको म्हणाली, "मग तू डॉक्टर कशाला आहेस?"

माझ्या पेशंटना मी रोज सांगतो, इंजेक्शनची घाई करू नका. दुखणं थोडे दिवस दबतं, आणि तेवढ्यात हात राबवला तर पुढं जास्त त्रास होतो. हेच सांगणारा मी अक्काला स्कूटरवर बसवून ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी सुई दिली आणि बजावलं, महिनाभर हाताला आराम. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, आमच्यापुरते मांडे कर. मग आराम." ती खुशीत होती. "आते तू डॉक्टर व्हयना!"

आखाजीला तिनं आमच्याकडे चाळीस मांडे केले. व्याह्यांनी तोंडभर कौतुक केलं. मी ते कौतुक घेतलं.

पावसाळा संपेपर्यंत तिला चहाचं पातेलं उचलवेना. कणकेचा गोळा हातावर ठरेना. मी पुन्हा बाटलीपासून सुरुवात केली. ती रोज सकाळी यायची, दहा वेळा मनगट वर, दहा वेळा खाली. सुईबद्दल मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

या आखाजीला तिला कुणीच बोलावलं नाही. सगळ्यांना तिच्या हाताचं ठाऊक होतं. आम्हीही बचत गटातून मांडे मागवले, घडी घातलेले, प्लास्टिकच्या पिशवीत. तिला आराम मिळावा म्हणून, असं मी घरात सांगितलं, आणि सांगताना मला स्वतःचं बरंही वाटलं.

पल्लवी ताटावर बसली आणि म्हणाली, "अक्का कुठंय?"

"तिचा हात बरा नाही गं."

"बाबा, जेवायला बोलवायला कोपर कशाला लागतं?"

मी हात धुऊन उठलो. अक्काच्या दाराला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, सकाळीच गेली. सगळी गल्ली पालथी घातली आणि शेवटी क्लिनिककडे गेलो. ती बंद शटरपुढं पायरीवर बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांना तेल. उन्हात तोंड लाल झालं होतं.

"अक्का, आज सुट्टी असते."

"माहीत शे."

"मग?"

"घर बसीसन काय करू?"

मी म्हणालो, चल घरी, पल्लवी वाट बघतेय. तिनं मान हलवली. "आते नको. मी काम कऱ्याशिवाय कोना घर जेवाले जात नही." मग शटरकडे हात करून म्हणाली, "खोल. व्यायाम करी लेसू."

मी शटर उघडलं, पंखा लावला. तिनं बाटली धरली. दहा वेळा वर, दहा वेळा खाली. संपलं. ती उठली नाही. उजवा हात टेबलावर तसाच ठेवून बसली.

"शेक देस का?" तिनं विचारलं.

शेकाची गरज नव्हती, हे मला माहीत होतं. तिलाही असावं. मी मशीन लावलं, पॅड कोपराभोवती गुंडाळलं. वीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो. मशीन वाजून बंद झालं.

मी ते पुन्हा लावलं.