कुंडीतली बॅटरी

स्वांत्ये लापशीची वाटी घेऊन आली, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटी ठेवायला जागा नव्हती. बाळाच्या लाळेऱ्यापासून ते लोण्याच्या डबीपर्यंत जुन्या ड्रिल मशीनमधून काढलेले सेल मांडलेले होते आणि तिचा नवरा हाउके तोंडात वायर धरून सोल्डरिंग करत बसला होता.

"हे फुटतात," ती म्हणाली. "मी वाचलंय."

"तू सगळंच वाचतेस." हाउकेने तोंडातली वायर काढली. "बाबांचं काम आहे. उद्याच्या आत झालं पाहिजे."

बाबांचं काम म्हटल्यावर तिला गप्प बसणं भाग होतं, कारण हे सगळं तिच्याच नियमामुळे सुरू झालं होतं. तिचे सासरे एवाल्ड मिसरूड फुटल्यापासून सिगारेट ओढत आले होते. मेरलेचा जन्म झाला आणि स्वांत्येने जाहीर केलं, की ज्याच्या अंगाला धुराचा वास येईल त्याच्या हातात बाळ मिळणार नाही. मग दारातच ती सासऱ्यांच्या कॉलरचा वास घ्यायची. एवाल्डनी चार दिवस आदळआपट केली आणि एक व्हेपोरायझर आणला. त्यात ओवाफुलाचा आणि पुदिन्याचा सुका पाला नुसता तापायचा, जळायचा नाही. धूर नाही, वाफ. चव आजारी माणसाच्या चहासारखी, असं त्यांचं मत होतं, पण नात मांडीवर येत होती.

अडचण एकच. यंत्र बारा व्होल्टचं आणि त्याची वायर हातभर. म्हातारा सॉकेटच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला असायचा, दावणीला बांधल्यासारखा. आणि शनिवारी बागवाल्यांच्या मंडळात सामुदायिक साफसफाई होती. ब्रेमेनमधल्या त्या बागेत प्रत्येकाला भाड्याचा तुकडा आणि लाकडी खोपटं मिळतं, वीज मिळत नाही. कुंपण कापून झालं की बिअर, सॉसेज आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या सिगारेटी.

"तिथे मी टिकणार नाही," एवाल्ड स्वतःच म्हणाले होते. "हेल्मुटने पाकीट पुढे केलं की माझा हात आपोआप जातो."

आणि रविवारी मेरलेचा बाप्तिस्मा. चर्चमध्ये तिला आजोबांनी धरायचं होतं. म्हणून हे खिशात मावणारं बॅटरी पॅक.

"चार्ज घरात करायचं नाही," स्वांत्येने बजावलं.

शुक्रवारी सकाळी पॅक बाल्कनीत गेलं. मातीच्या कुंडीत, चहूबाजूंनी कोरडी वाळू, वर दोन वायरी आणि चार्जरचा लाल दिवा. हाउके कामाला निघाला, तेव्हा ती कुंडीसमोर बाळाचा कॅमेरा बसवत होती.

"अगं, मग बाळावर लक्ष कोण ठेवणार?"

"बाळ पेट घेत नाही," स्वांत्ये म्हणाली.

दुपारी ती मेरलेला बाबागाडीत घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत बाप्तिस्म्याचा केक सांगायला गेली. फोनवर कुंडी दिसत होती. केकवर नाव गुलाबी लिहायचं की पिवळं, एवढं ठरत होतं, तेवढ्यात फोनमधून आवाज आला,

"अरे देवा! काय अवस्था करून ठेवलीये तुझी!"

पडद्यावर शेजारच्या ब्रोकम्युलरबाईंची झारी दिसली. इमारतीतल्या सगळ्यांच्या किल्ल्या बाईंकडे असत आणि उन्हाळ्यात कोणाचं झाड सुकलेलं त्यांना बघवत नसे.

"नुसती वाळू! आणि हे काय उगवलंय, लाल-काळं? आजकालच्या पोरींना पोरं होतात, पण कुंडी सांभाळता येत नाही. थांब हं, बाळा, पाणी देते."

कॅमेऱ्यातून बोलण्याचंही बटण होतं. स्वांत्येने ते दाबलं आणि ओरडली, "पाणी घालू नका! आग लागेल!"

बेकरीतली पाच माणसं मागे सरकली. तिकडे मोकळ्या बाल्कनीत कुंडीच आपल्याशी बोलली, हे पाहून ब्रोकम्युलरबाईंच्या हातून झारी सुटली आणि होतं नव्हतं तेवढं पाणी वाळूत गेलं. पण बाई जुन्या वळणाच्या. कोणी का सांगितलं असेना, आग म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना शाळेत शिकवलं होतं. त्यांनी बंब बोलावला.

स्वांत्ये बाबागाडी पळवत पोचली, तेव्हा दोन बंब दारात होते आणि अख्खी गल्ली खिडक्यांत.

"काय जळतंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"काही नाही! बॅटरी आहे, लिथियमची..."

तो शब्द तिने उच्चारायला नको होता. जवानांनी कुंडी उचलली आणि पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवली.

"अहो, पण ती पेटली नव्हती!"

"आता पेटणारही नाही," अधिकारी म्हणाला आणि पिंप घेऊन गेला.

संध्याकाळी एवाल्ड वरच्या मजल्यावरून खाली आले. बाल्कनीतल्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "असू दे, पोरी. रविवारी तुझे वडील धरतील मेरलेला." आणि सॉकेटजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

स्वांत्येला कुठे बघावं कळेना. ती दूध काढायचं यंत्र घेऊन आतल्या खोलीत निघाली. हाउके तिच्या हाताकडे बघत राहिला.

"ते चालतं कशावर?"

"त्याचं पॅक आहे ना. चार्ज करायचं."

"दाखव बघू." त्याने उलटं केलं, वाचलं. "बारा व्होल्ट. लिथियम. आतमध्ये तसेच सेल आहेत, स्वांत्ये. हे तू कुठे चार्ज करतेस?"

"उशीपाशी," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. एवाल्डना खोकला आला, इतकंच. हाउकेने तिच्या पॅकची पिन बदलून ते बाबांच्या यंत्राला जोडलं आणि व्हेपोरायझर लगेच गरम झाला.

शनिवारी एवाल्ड गळ्यात गुलाबी पट्ट्याचं पॅक अडकवून बागेत गेले. हेल्मुटने विचारलं, हे काय, तर त्यांनी न लाजता सांगितलं. मग मंडळात दिवसभर दुसरा विषय निघाला नाही आणि पाकीट पुढे करायचं हेल्मुट विसरून गेला. स्वांत्येही सॉसेज खायला जाणार होती. पण दुधाची वेळ झाली, पॅक सासऱ्यांच्या गळ्यात, आणि यंत्राची सॉकेटला लावायची वायर हातभर. ती भिंतीशी, सासऱ्यांच्याच खुर्चीत, यंत्राची घरघर ऐकत बसली. शेवटी तिने फोन केला.

"बाबा, कधी येताय?"

"आत्ता कळलं?" एवाल्ड म्हणाले.

रविवारी चर्चच्या दारात तिने त्यांच्या कॉलरला नाक लावलं. मग कोटाला. मग, त्यांनी स्वतःहून पुढे केली म्हणून, बोटांना. ओवाफूल, पुदिना, थोडी सॉसेजची मोहरी. तिने मेरलेला त्यांच्या हातात दिलं.

एवाल्डनी बाळाला सावरत कोटाच्या खिशाकडे मान वळवली. "तुझं पॅक. रात्री चार्ज करून आणलंय."

"कुठे केलंत?" स्वांत्येच्या तोंडून निघून गेलंच.

"वरती, माझ्या बाल्कनीत. कुंडीत."

मागच्या बाकावरून ब्रोकम्युलरबाई घाईघाईने पुढे वाकल्या.

"मी पाणी घातलेलं नाही हं," त्या कुजबुजल्या. "आधी कुंडीला विचारलं. काही बोलली नाही."